खोकला

माझे वडील पिंजारी. पारोळ्याच्या गल्लीगल्लीत
खांद्यावर पिंजण घेऊन फिरायचे.
तातीवर ठोकळी पडली की टंण्ण,
बाया गाद्या उसवायला घ्यायच्या.
त्यांचा आवाज चार घरं जायचा.
माझा, चार भोंगे लावले तर, बोरी नदीपर्यंत.

शकूर साउंड सर्व्हिस. सायकलच्या दुकानावर, लोखंडी जिना.
चाळीस वर्षं पुढाऱ्यांच्या तोंडापुढे माईक लावला.
लोक त्यांना समोरून ऐकतात, मी मागून.
कोण बोलण्याआधी ओठ चाटतो,
कोण 'शेवटचं सांगतो' म्हणून आणखी अर्धा तास घेतो,
बॅटरीच्या काट्याइतकं पाठ.

हिलालआण्णा आधी खोकायचे. दोनदा.
मग माईक वाकवून खाली घ्यायचे, उंचीने बेताचे,
आणि त्यावर हात धरून मला विचारायचे,
"आवाज कोठे लगून जास रे, शकूर?"
"नदी लगून, आण्णा."
"मंग नदीना पल्याडना लोकेस्नी काय करानं?"

त्या एका प्रश्नापायी काय काय केलं त्यांनी.
पल्याडच्या शाळेत सूक्ष्मदर्शक आणला,
थेंबातले किडे पोरांआधी स्वतः पाहिले
आणि "बापरे" म्हणाले, तेही माईकवर.
टेलिफोनच्या खांबांसाठी मुंबईत
एका सचिवाच्या दाराशी तीन दिवस बसले.
परत येऊन सभेत म्हणाले, "घर घर मा फोन येई."
लोक हसले. मीही, भोंग्याच्या मागे.

आण्णा जाऊन नऊ वर्षं झाली.
परवा दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर.
"शकूरभाऊ, मी हिलाल बोली ऱ्हायनू."
हातातली सोल्डरिंगची कांडी तशीच राहिली,
टेबलावर काळा डाग.

आवाज त्यांचाच. ळ-चा य तसाच,
वाक्याच्या टोकाला किंचित चढ तसाच.
माझं नाव, माझा वॉर्ड, नातवाच्या कॉलेजची फी,
सगळं ठाऊक. मत कोणाला द्यायचं तेही.
फक्त खोकले नाहीत.

कॅसेटी मीच दिल्या होत्या.
त्यांचा नातू नाशिकहून आला, उमेदवारी भरायला,
म्हणाला, आजोबांना जपून ठेवू काका.
सदतीस कॅसेटी. पेन्सिलीने फिती गुंडाळल्या,
एकीला बुरशी होती, ती स्पिरिटने पुसली.
आता विचारलं तर म्हणतो,
"खोकला काढला. तो नॉइज होता."

त्या दुपारी तालुकाभर घराघरांत आण्णा एकदम बोलले.
नदीच्या पल्याड, सुरतेला गेलेल्या पोरांच्या खोल्यांत,
भोंगा नाही, वायर नाही, मी नाही.
खोटं कशाला बोलू, कारागीर म्हणून मान हलली माझी:
कुठे खरखर नाही, कुठे शिट्टी नाही.

सुपडाबाई काकूंनाही गेला फोन.
सून सांगत होती, त्यांनी पंखा बंद करायला लावला,
पदर डोक्यावर घेतला,
आणि आण्णा जिथे दम घेतील असं वाटलं, तिथे विचारलं,
"गोयी लिधी का?"
तिकडून आण्णा रस्त्याच्या डांबराबद्दल बोलत राहिले.
काकूंनी पुन्हा विचारलं.
पुन्हा डांबर.
फोन पालथा घातला, तरी आतून बारीक आवाज येत होता म्हणे.

एक कॅसेट मी दिली नव्हती.
बहादरपूरची सभा. वारं सुटलं, लाइट गेली,
भाषण झालंच नाही.
तिच्यात दोन खोकले,
बशीवर कप ठेवल्याचा आवाज,
तो नेहमीचा प्रश्न,
आणि माझं उत्तर यायच्या आत
टप्प.

काल टेप काखेत मारून काकूंकडे गेलो.
पट्टा ढिला झालाय, आवाज जरा ओढल्यासारखा येतो.
त्यांनी ऐकलं. परत लावायला सांगितलं.
मग माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या,
"आजून बरा नही व्हयना."